दरवर्षी परत जाणारी अंगठी

होन्मा-सान मला पहिल्यांदा दिसले ते उलटे.

जपानमधल्या उरायासुच्या त्या इमारतीत राहायला जाऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले, तर कचऱ्याच्या खोलीसमोर पन्नाशी उलटलेला, दाराएवढा रुंद माणूस पाय फाकवून ओणवा उभा. समोर जुन्या वर्तमानपत्रांचे दोरीने बांधलेले गठ्ठे. त्याने एक गठ्ठा दोन्ही हातांत धरला आणि पायांच्या मधून मागे भिरकावला. तो पार सहा-सात मीटरवरच्या लोखंडी पिंजऱ्यात जाऊन आधीच्या गठ्ठ्यांवर बसला, कोपऱ्याला कोपरा जुळवून. दुसरा उचलायला तो वाकला आणि पायांच्या मधून त्याला मी दिसले.

"माफ करा," ते उलट्या तोंडानेच म्हणाले, "कोणी नाही असं वाटलं होतं." मग सरळ झाले, कानापर्यंत लाल झाले, कमरेतून वाकले, आणि माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाले, "हिचा वार गुरुवार. आज मंगळवार आहे."

होन्मा-सान आमचे कानरिनिन होते, म्हणजे इमारतीचे व्यवस्थापक. पुण्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी, वॉचमन आणि सासू यांना एकत्र केलं तर जे होईल ते. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी ते दारात आणून द्यायचे आणि वर स्वतःच माफी मागायचे, जणू पिशवीच वार विसरून खाली गेली होती. पहिल्या महिन्यात माझ्या पाच पिशव्या परत आल्या. सहाव्या वेळी मी तणतणलेच. "अहो, एका बाटलीचं झाकण राहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे का?"

त्यांनी ते झाकण शांतपणे माझ्या हातावर ठेवलं. "दहापैकी नऊ बरोबर होतं. चांगली प्रगती आहे."

हे दहापैकीचं त्यांचं वेडच होतं. मी एकदा पोह्यांचा डबा दिला. शेजारधर्म हो, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी डबा परत आला, घासूनपुसून, आत चार संत्री. आणि निकाल. "दहापैकी आठ. मीठ थोडं कमी." मला असा राग आला म्हणून सांगू! फुकट खायला घातल्यावर माणसाने छान म्हणावं की नाही? त्यातून जपानी माणसाने, जो रेल्वेच्या तिकिटाच्या मशीनलासुद्धा नाव ठेवत नाही? पुढच्या खेपेला चकली दिली. सात. "मऊ पडली आहे." मी सरळ विचारलं, "होन्मा-सान, कधीतरी खोटं छान म्हणायला काय जातं तुमचं?"

त्यांनी मनापासून विचार केला. "खोटं बोललो तर चकली परत मिळेल. पण मऊच मिळेल."

कपाळ! त्यानंतर मी चकली अशी काही कडक करायला शिकले की माझ्या आईलाही जमली नाही तशी. नऊ मिळाले. तेव्हा मला जो आनंद झाला तो मी मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, सांगितला नाही, कारण तो आठवडाभर हसला असता.

उलटं फेकण्याचं गुपित मला त्यांच्या बायकोकडून कळलं. बारीक चणीची, कमी बोलणारी, हसताना तोंडावर हात घेणारी बाई. मनातल्या मनात मी तिला वहिनीच म्हणायचे. होन्मा-सान तरुणपणी अमेफूटो खेळायचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ते हेल्मेट घालून एकमेकांना धडकतात तो. एका मोठ्या कंपनीच्या टीमचे ते खेळाडू होते. ऑफिसात खुर्ची नावापुरती, पगार खेळण्याचा. त्यांचं काम एकच. चेंडूला लाथ मारून गोल करायची वेळ आली की ओणवं व्हायचं आणि चेंडू पायांच्या मधून मागे टाकायचा. सात मीटर मागे एक जण गुडघ्यावर बसलेला असतो, तो चेंडू झेलून जमिनीवर धरतो आणि तिसरा लाथ मारतो. नाव होतं त्या तिसऱ्याचं. ओणव्याचं नाव कोणाच्या लक्षात यायचं तर फक्त तो चुकला तरच.

"आणि हे चुकायचे?" मी विचारलं.

"हे?" वहिनींनी तोंडावर हात घेतला. "पानाचा डबासुद्धा घरात सरळ ठेवतात." म्हणजे चहाच्या पानांचा.

आम्ही राहायला गेल्यावर दोनच महिन्यांत तो मार्चमधला मोठा भूकंप झाला. इमारत हलली पण टिकली. आजूबाजूची जमीन मात्र टिकली नाही. समुद्र बुजवून केलेली ती जमीन. रस्त्याच्या फटींतून राखाडी चिखल वर आला, विजेचे खांब कलले, मॅनहोलची झाकणं कमरेएवढी उंच उभी राहिली. नळाला पाणी नाही, संडासात पाणी ओतायचं नाही, लिफ्ट बंद. इमारतीतली भारतीय कुटुंबं आठवड्याभरात मायदेशी गेली. मी राहिले. शौर्य वगैरे काही नाही हो, माझा पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला होता आणि तो यायचा होता.

त्या दिवसांत होन्मा-सान काय होते ते मी बघितलं. शाळेच्या मैदानात पाण्याचा टँकर यायचा. ते तिथून डबे भरून आणायचे आणि जिने चढायचे. सातव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई आधी, मग बाकीचे. आमच्या चौथ्या मजल्यावर सकाळी सातला दोन डबे दाराशी असायचे. मी दार उघडून त्यांना पकडायचा प्रयत्न केला, दर वेळी ते पुढच्या मजल्यावर गेलेले. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, डब्यांच्या मुठी आता डाव्या बाजूला वळवलेल्या आहेत. मी डावखुरी आहे. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. दारात बसून मी त्या मुठींकडे बघत राहिले आणि मला भडभडून आलं. घर सोडून इतक्या लांब आल्यावर आपला डावा हात कोणीतरी लक्षात ठेवावा, याचं काय वाटतं ते काय सांगू.

चिखल उपसायला सगळी गल्ली उतरली. गोण्या भरायच्या आणि रांगेने हातोहात कोपऱ्यापर्यंत पोहोचवायच्या. तरुण मंडळी घाईने गोणी पुढच्याच्या अंगावर ढकलत होती. होन्मा-सान रांग थांबवून म्हणाले, "पुढच्याचे हात कुठे आहेत ते बघा. गोणी तिथे ठेवा. त्याला हात हलवायला लागला तर ते देणं वाईट." एवढंच. पुढचे चार दिवस रांग अशी चालली की कोणाची कंबर मोडली नाही. माझीसुद्धा नाही, आणि माझी कंबर म्हणजे आधीच बोलायला नको.

पुढच्या जानेवारीत ते दवाखान्यात गेले असताना त्यांच्या नावाचं एक छोटं पार्सल मी सही करून घेतलं. इथे पार्सलच्या चिठ्ठीवर आत काय आहे ते लिहावं लागतं. पाठवणारा उत्तरेकडच्या सेंदाई शहरातला कोणी माकी. आणि आत: अंगठी, अमेफूटो. माझे डोळेच चमकले, कारण या खेळात विजेत्या टीमला अंगठ्या देतात हे मी कुठेतरी वाचलं होतं. ते परत आल्यावर मी पार्सल त्यांच्या ऑफिसच्या खोलीत नेऊन दिलं. तिथल्या भिंतीवर टीमचा जुना फोटो होता, खाली विजेतेपदाचं वर्ष. सगळे टीमच्या कपड्यांत, होन्मा-सान तेवढे टोकाला कोट घालून. मी मनात दोन अधिक दोन केले. हे चॅम्पियन! अंगठीवाले! आणि आमच्या बाटल्यांची झाकणं वेगळी करतात!

ते पार्सल त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, "आभारी आहे" म्हणाले आणि दुसरं काही बोलले नाहीत. मला वाटलं, विनय.

त्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. कल्पना माझी, सूत्रसंचालन माझं, आणि सत्कारमूर्तींची ओळख करून द्यायला उभी राहिले की माझ्या जिभेला हाड राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. शाल आईकडून मागवलेली. नारळासाठी तीन दुकानं पालथी घातली. हॉल भरलेला, होन्मा-सान काळ्या कोटात ताठ उभे. मी मराठीत आणि मग जपानीत सांगितलं की ज्यांनी आम्हाला संकटात पाणी पाजलं ते कोणी साधेसुधे नाहीत, हे राष्ट्रीय विजेते खेळाडू आहेत, विजेतेपदाची अंगठी मिळवणारे. टाळ्या! मंडळाच्या अध्यक्षांनी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. होन्मा-सानांनी माझ्याकडून माईक मागून घेतला.

"एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "मला अंगठी मिळालेली नाही."

ते माझ्याकडे वळले. अगदी हळू, आदराने विचारलं, "वृंदा-सान, शाल कशाबद्दल असते आणि नारळ कशाबद्दल?"

आता मी काय सांगणार? शाल आणि नारळ जोडीनेच देतात, त्याची कोणी कधी फोड केली आहे का? कसंबसं म्हणाले, "शाल... खेळाबद्दल. नारळ पाण्याबद्दल."

"मग नारळ ठेवतो," ते म्हणाले. "पाणी मी आणलं होतं." त्यांनी खांद्यावरची शाल काढली, घडीला घडी जुळवली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली. वाकले. आणि नारळ काखेत घेऊन जागेवर जाऊन बसले.

मग टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जोरात झाल्या, पण मी पुरती तोंडघशी पडले होते. त्यांना भरल्या हॉलमध्ये "मला मिळालेली नाही" म्हणायला मी लावलं होतं. ते वाक्य बोलताना त्यांचा आवाज किंचित खाली गेला होता, तो मला ऐकू आला होता. मंडळात कोणी हसून म्हणालं, "काय ग, चौकशी तरी करायची." तेव्हा जमीन दुभंगावी असं वाटलं, आणि आमच्याकडची जमीन दुभंगून नुकतीच कुठे बुजली होती.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं. त्यांच्या टीमने फायनल गाठली ते वर्ष. उपांत्य सामन्यात उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं.

"चिकटपट्टी लावून खेळता आलं असतं. पण सरावात दहापैकी एक वाकडा जात होता. माकी तेव्हा बावीस वर्षांचा, नवीन. त्याचे दहाच्या दहा जात होते. मी कोचला सांगितलं, उद्या माकी."

"कोच काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझं हे शेवटचं वर्ष आहे. मी म्हटलं, माहीत आहे."

शेवटच्या मिनिटाला एका लाथेवर सामना जिंकला. चेंडू माकीने टाकला. त्या दिवशीच्या यादीत ज्यांची नावं होती त्यांना कंपनीने अंगठ्या केल्या. होन्मा-सानांचं नाव यादीत नव्हतं. तेव्हापासून दर जानेवारीत माकी आपली अंगठी यांना पाठवतो, ही तुमची आहे म्हणून. आणि हे चिठ्ठीवर नवी चिठ्ठी चिकटवून परत पाठवतात.

"अहो पण ती तुमचीच आहे!" मी उसळलेच. "पूर्ण मोसम तुम्ही खेळलात, फायनलपर्यंत तुम्ही आणलंत, आणि टीम जिंकावी म्हणून स्वतःहून बाजूला झालात!"

"अंगठी मोसमाची नसते, फायनलची असते. आणि फायनलमध्ये मी काय केलं? स्टँडमध्ये बसून बेंतो खाल्ला." बेंतो म्हणजे डब्यातलं जेवण.

"निदान उघडून तरी बघितलीत का कधी?"

"दुसऱ्याची अंगठी कशाला उघडायची?" ते म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा उगाच क्रमाने लावायला लागले.

वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "पार्सल घरात असतं त्या दिवशी हे बुटांचं कपाट तीनदा पुसतात. त्याच्यावर ठेवलेलं असतं ना."

हे ऐकलं आणि मला चैन पडेना. चोंबडेपणा म्हणा, मी नाही म्हणणार नाही. जानेवारीत पार्सल पुन्हा आलं, पुन्हा माझ्या हातात. चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा फोन नंबर होताच. पार्सल इमानदारीत पोहोचवलं आणि वर येऊन सेंदाईला फोन लावला. मी कोण, कुठली, सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "माकी-सान, पोस्टाने हे घेणार नाहीत. मार्चअखेर ते निवृत्त होऊन बायकोच्या गावी, पार दक्षिणेला क्युशूला चाललेत. तुम्ही या."

पलीकडून आवाज आला, "मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. वीस वर्षं सांगितली नाही. येतो."

होन्मा-सान निघाले त्या दिवशी आम्ही सगळेच खाली होतो. सामानाचा ट्रक लागलेला, ऑफिसची खोली रिकामी, भिंतीवर फोटोच्या जागी पांढरा चौकोन. मी पुऱ्या बांधून दिल्या. तेवढ्यात माकी-सान आले. मी कोणी पैलवान येईल अशा अपेक्षेत होते. आला तो शाळेत गणित शिकवणारा, पोट सुटलेला, केस विरळ झालेला माणूस. होन्मा-सान दिसल्याबरोबर तो बावीस वर्षांचा झाला. हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा राहिला आणि खिशातून डबी काढून पुढे केली.

"नको," होन्मा-सान म्हणाले. "आता तरी पुरे."

"भूकंपाच्या वर्षी ही तुमच्याकडे होती," माकी-सान म्हणाले. "त्सुनामीत माझं घर समुद्रात गेलं. घरात असती तर हीही गेली असती. हिला तुमच्याकडेच राहायचं आहे."

"त्या वर्षी बायको आजारी होती. परत पाठवायला उशीर झाला, एवढंच."

"मग ऐका." माकी-सानांनी डबी मुठीत घट्ट धरली. "तो शेवटचा चेंडू मी वाईट टाकला. सरावात दहाच्या दहा गेले, आणि ऐन वेळी हात थरथर कापला. झेलणाऱ्याने कसाबसा उचलला म्हणून जिंकलो. तुम्ही मला जागा दिलीत आणि मी असा टाकला. ही अंगठी मी कोणत्या तोंडाने ठेवू?"

वहिनी हातात ट्रे घेऊन तशाच उभ्या.

"माहीत आहे," होन्मा-सान म्हणाले. "उजवीकडे गेला, गुडघ्याच्या खाली. मी स्टँडमधून बघितला."

"तुम्हाला माहीत होतं? मग कधी बोलला नाहीत!"

"तू विचारलं नाहीस."

माकी-सानांनी मान खाली घातली. शाळेतल्या पोराने विचारावं तसं विचारलं, "दहापैकी किती?"

होन्मा-सानांनी याही वेळी मनापासून विचार केला. माझ्या मनात आलं, आता तरी, अहो, आता तरी खोटं बोला.

"पाच," ते म्हणाले.

आणि मग, तो तसाच खाली मान घालून उभा असताना, एक पाऊल पुढे गेले. "पण त्या दिवशी माझे शून्य. मी टाकलाच नाही. वाईट असेल, पण तो चेंडू तू टाकलास, साठ हजार डोळ्यांसमोर, हात कापत असताना. मला विचारशील तर त्या जागी हात न कापणारा माणूस मी बघितलेला नाही. अंगठी पाचवाल्याचीच. घाल."

माकी-सान रडत होते. मीही रडत होते, लपवत नाही. त्यांनी डबी उघडली. अनामिकेत अंगठी जाईना, बोटं जाड झालेली. शेवटी करंगळीत बसली.

होन्मा-सान चष्मा शोधायला लागले. तो कुठल्या खोक्यात गेला होता देव जाणे. वहिनींनी स्वतःचा, गुलाबी काड्यांचा, काढून दिला. तो नाकावर चढवून ते माकी-सानांच्या हातावर वाकले.

"जड असते का?" त्यांनी विचारलं.

माकी-सानांनी घाईघाईने अंगठी काढून पुढे धरली. "बघा ना. एकदा घालून तर बघा."

होन्मा-सानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले, दुकानात काचेच्या वस्तूंजवळ लहान मुलं धरतात तसे. हात तसेच ठेवून ते आणखी वाकले. खूप वेळ बघत राहिले. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तरी सरळ झाले नाहीत.

"खडा निळा आहे होय," ते म्हणाले. "मला आपला इतकी वर्षं लालच वाटत होता."